निरोप नवऱ्याच्या हाती

या, सरका पुढे. अजून थोडं. कीर्तनात मागे बसणारा माणूस भिंतीला टेकतो, आणि भिंतीला टेकला की घोरतो, हे मी जन्मभर पाहत आलेय. तेव्हा माझ्याजवळ बसा, मांडी सैल करा, आणि मी सांगते ते आख्यान ऐका. यात राजा नाही, राक्षस नाही. एक नवरा आहे, एक बायको आहे, तिची एक मैत्रीण आहे आणि इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी आहेत. पण मत्सर आहे, तो मात्र पुराणातल्याइतकाच अस्सल.

आमची चाळ घोडपदेवला. गुणाजी आणि रश्मी माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. नववीतली एक मुलगी, स्पृहा. दोघं नवरा-बायको कॉटन ग्रीनला एकाच लाँड्रीत कामाला. लाँड्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला येईल, तसं नाही. कापसाचं जुनं गोदाम आहे, त्यात माणूस उभा मावेल एवढाली धुण्याची मशिनं. परळ-भायखळ्याच्या इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले तिथे टेम्पो भरभरून येतात. रात्री पुरुष धुणार आणि वाळवणार. दिवसा बायका ते गरम रुळांतून इस्त्री करून काढणार आणि घड्या घालणार. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

गुणाजी धुण्याच्या मशिनावर, कायमचा रात्रपाळीला. "रात्र म्हणजे आपलं राज्य, काकी," असं मला सांगायचा. "दिवसा शंभर मालक. रात्री मशीन आणि मी." रश्मी दिवसपाळीला, घडीवर. चादरीची घडी एकट्या बाईचं काम नव्हे बरं. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, चार हातांत चार टोकं. एकीचं पाऊल मागे, दुसरीचं पुढे, मध्ये टोकं जुळली की एकीने सोडायचं, दुसरीने खालची कड उचलायची. लांबून पाहिलं तर फुगडीच वाटावी. रश्मीची जोडीदारीण होती फ्लोरी. भायखळ्याची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या दोघींचे हात असे बसले होते की तोंडाने गप्पा, हसणं, भांडण काहीही चालू दे, टोकाला टोक चुकायचं नाही.

आता या लाँड्रीची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. सुपरवायझर होता झेवियर. साठीला टेकलेला, सज्जन माणूस, रविवारी न चुकता चर्चला जाणारा. त्याचा जुन्या वळणाचा नियम असा की परक्या बाईला घरी फोन करायचा नाही. हातातल्या कामापलीकडचं काही सांगायचं असलं तर तिच्या घरच्या पुरुषाच्या हाती निरोप. तिथे निम्मी माणसं एकमेकांच्या नात्यातली. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा भाऊ. "तुझ्या वहिनीला सांग, रजा मंजूर झाली." "गुणा, मिसेसला बोल, उद्या लवकर यायचंय." निरोप बिनचूक पोचायचे, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. रश्मीलाही नाही. रोज सकाळी गुणाजी पाळी संपवून यायचा, तेव्हा ती डबा भरून निघायच्या बेतात असायची. दारातच विचारायची, "काही निरोप?" तो सांगायचा, आणि ती जायची. फक्त फ्लोरीला झेवियर थेट बोलायचा. तिच्या घरी पुरुषच नव्हता ना!

गेल्या नोव्हेंबरात नवे कामगार कायदे लागू झाले. तुम्ही पेपरात वाचलंच असेल. आमच्यासारख्यांना त्यातलं कळतं ते एवढंच, की कामावर ठेवलेल्या प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायचं, चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षाकाठी फुकट डॉक्टरी तपासणी करायची, आणि बायकांना रात्रपाळी द्यायची तर त्यांच्या राजीखुशीने, जाण्यायेण्याची सोय करून. काही ठिकाणी बायका आधीपासून रात्री कामाला जातही असतील. या गोदामात तोवर रात्री बाईचं पाऊल पडलं नव्हतं.

पहिली आली ती पत्रं. गुणाजीने इतकी वर्षं काम केलं, पण "तू आमचा" असं कागदावर कुणी लिहून दिलं नव्हतं. ते पत्र घेऊन तो घरी आला तेव्हा सत्यनारायणाचा प्रसाद आणल्यासारखा दोन्ही हातांत धरून आला. आधी देवापुढे ठेवलं, मग सगळ्या गॅलरीला दाखवलं. मलाही म्हणाला, "काकी, वाचा. कुशल कामगार! कुशल!"

दुसऱ्या दिवशी रश्मी तिचं पत्र घेऊन आली. स्पृहाने दोन्ही शेजारी ठेवून मोठ्याने वाचली, आणि मी आमच्या उंबऱ्यात बसून ऐकत होते.

"आईचं पण कुशल कामगार आहे, पप्पा. सेम!"

"बघू." गुणाजीने पत्र घेतलं, उलटंसुलटं केलं. "घडी घालणारीला कुशल?"

"मग काय लिहायला हवं होतं?" रश्मीने विचारलं.

"तसं नाय गो. पण मशीन चालवायला डोकं लागतं. पाणी किती, पावडर किती, रक्ताचा डाग असला तर आधी थंड पाणी. चादर काय, घरी पण घालतातच घड्या."

"घरी तुम्ही कधी घातलीत?"

मी हसले. स्पृहा हसली. गुणाजीही हसला, पण त्याचं हसू ओठांवरच राहिलं. आपलं पत्र त्याने पुन्हा देवापुढे न ठेवता कपाटात ठेवून दिलं. नंतर मला त्यानेच सांगितलं, "काकी, मला मिळालं याचा आनंद होता, पण तिला तेवढंच मिळालं म्हटल्यावर माझं कमी झाल्यासारखं वाटलं." आता सांगा, तिच्या पत्राने त्याच्या पत्रातलं एक अक्षर तरी पुसलं होतं का? पण मत्सराचं गणितच तसं. शेजाऱ्याच्या पानात लाडू पडला की आपल्या पानातला कडू लागतो. आणि इथे तर शेजारीण घरचीच!

थोड्याच दिवसांत लाँड्रीला एक मोठं इस्पितळ मिळालं. त्यांना घडी घातलेले कपडे पहाटेच हवे होते. म्हणजे इस्त्री-घडीही रात्री करायची, म्हणजे बायका रात्री लागणार, आणि त्यांच्यावर एक इन-चार्ज लागणार. एका सकाळी पाळी सुटताना झेवियरने गुणाजीला गेटजवळ थांबवलं.

"गुणा, एक चांगली खबर हाय. नाइटला घडीची इन-चार्ज पाहिजे. मी तुझ्या मिसेसचं नाव टाकलंय."

"रश्मीचं?"

"मग? तिच्यासारखा हात कोणाचा हाय? गाडी घरी घ्यायला येणार, सकाळी सोडायला येणार. गेटवर लेडी गार्ड पण ठेवतोय. तिला विचार. तिची हां पाहिजे, कागदावर सही पाहिजे. जबरदस्तीचं काम नाय."

"आणि इन-चार्ज म्हणजे... काय काय बघणार?"

"सगळं. ड्रायरमधून माल आला की पहिला तिच्या टेबलावर. डाग राहिला, वास राहिला, तर परत वॉशिंगला पाठवायचा."

"वॉशिंगला म्हणजे माझ्याकडे."

"तुझ्याकडेच ना!" झेवियर खो खो हसला. "घरी पण तीच, इथे पण तीच. नशीबवान हायस, मॅन."

गुणाजी कॉटन ग्रीनवरून चालत निघाला. रोज चालतच यायचा, थंडी असो, चिखल असो. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र: चाळीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी आहे, वरच्या मजल्यापर्यंत माणसं गॅलरीत वाकून पाहताहेत, आणि ड्रायव्हर हाक मारतोय, "रश्मी मॅडम!" आणि मागून हा, घासलेल्या चपलेने, डबा हलवत येतोय. आणि ते टेबल. त्याने धुतलेला माल रश्मी उचलून नाकाशी नेणार आणि म्हणणार, परत धुवा. त्याच्या राज्यात.

घरी पोचला तर रश्मी दारात, खांद्याला पिशवी.

"काही निरोप?"

"काय नाय," गुणाजी म्हणाला.

ती जिना उतरली. त्याने हाक मारली नाही. बसा, हलू नका, अजून पुष्कळ आहे.

दुसऱ्या सकाळी झेवियरने विचारलं, "काय बोलली?"

"नको म्हणते, सर. पोरगी नववीत हाय. रात्री घरात बाईमाणूस पाहिजे म्हणते."

झेवियरला वाईट वाटलं. पण म्हणाला, "बरोबर हाय तिचं. कायद्यात पण हेच लिहिलंय, बाईची मर्जी. ओके." आणि तो आत गेला. बाईची मर्जी त्याने बाईच्या नवऱ्याला विचारली, याचं त्याच्या मनात काही खटकलं नाही. इतकी वर्षं निरोप असाच गेला होता आणि असाच आला होता.

फ्लोरीला त्याने समोर बोलावून विचारलं. तिने हो म्हटलं, तिथल्या तिथे सही केली, आणि पुढच्या सोमवारपासून फ्लोरी रात्रपाळीची इन-चार्ज झाली.

आता रश्मीचं ऐका. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. एके दिवशी ती कामावर गेली तर समोर फ्लोरी नाही, कुणी नवी मुलगी चादरीचं टोक धरून उभी. तिला फ्लोरीची बढती बायकांकडून कळली. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. चहा दिला तो तसाच निवला.

"काकी, तिला मी शिकवलं. पहिल्या दिवशी तिला कड सापडत नव्हती, माझ्या हातांनी तिचे हात धरून शिकवलं."

"मग चांगलंच झालं की गं. तुझीच शिष्या."

"माझ्यात काय कमी होतं?"

पलीकडच्या खोलीत गुणाजी ड्यूटीचे कपडे चढवत होता. रश्मीने त्यालाही तेच विचारलं. "तुम्ही रात्री असता तिथे. झेवियर सर काही बोलले का माझ्याबद्दल? मी काय चुकले?"

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "रात्रीची झंझट आपल्याला कशाला?"

पण तिचं जाईना. सकाळी ती गेटवर पोचायची नेमकी त्याच वेळी फ्लोरीची गाडी निघायची. फ्लोरी काचेतून हात करायची, रश्मी पिशवीत काहीतरी शोधत राहायची. नव्या मुलीसोबत घड्या वाकड्या पडायच्या आणि रश्मीचा आवाज चढायचा. जिने कधी कुणाला टोचून बोललं नव्हतं, ती डब्याच्या सुट्टीत म्हणायला लागली, "आमच्या नशिबी कुठली गाडी? आम्हाला विचारतं कोण?" बायका मजेने ऐकायच्या आणि वर तिखट टाकायच्या. "अगो, फ्लोरी आता सेंट मारून येते म्हणे!" रश्मी म्हणायची, "मारणारच. गाडीत बसायचं तर घामाचा वास कसा चालेल?"

नाताळात फ्लोरीने नेहमीसारखं ताट पाठवलं. करंज्या, शिंपल्यासारखे वळून तळलेले गोड कलकल, दुधाची बर्फी, वर लेसचा रुमाल. दरवर्षी ते आलं की रश्मी आधी स्पृहाला कलकल द्यायची, मग मला. यंदा तिने सगळं गॅलरीत वाटून टाकलं, स्वतः तुकडा तोंडात घातला नाही. आणि ताट धुऊन, पुसून, रुमालाची घडी वर ठेवून परत पाठवलं. रिकामं.

तुम्ही मुंबईचे असाल तर तुम्हाला कळेल. आपल्यात शेजाऱ्याचं ताट रिकामं परत जात नाही. निदान चार दाणे साखरेचे तरी. रिकामं ताट म्हणजे तोंडावर दार लावणं.

मी म्हटलं, "रश्मी, वाटीभर साखर तरी घाल."

"साखर संपली," ती म्हणाली.

गुणाजीनेही ते ताट पाहिलं. त्याला वाटलं होतं, चार दिवस रुसेल आणि विसरेल. आणि त्याचंही काही धड झालं नव्हतं हो! ज्या टेबलाच्या भीतीने हा सगळा उपद्व्याप केला, ते टेबल तिथे होतंच. आता त्यामागे फ्लोरी होती. तिने पहिल्याच आठवड्यात त्याची एक अख्खी खेप परत पाठवली, सगळ्या पुरुषांसमोर. "गुणाजी, डेटॉलचा वास येतो, पुन्हा एक पाणी काढ." कुणीतरी शिट्टी मारली. त्याला वाटलं, रश्मी असती तर निदान हळूच सांगितलं असतं. मग वाटलं, असं वाटायचा मला काय हक्क? मग फ्लोरीवर राग आला, झेवियरवर आला, त्या गाडीवर आला. मत्सर असाच, एकदा घरात घेतला की खोल्या बदलत राहतो, बाहेर जात नाही.

माघातल्या एकादशीला लालबागच्या एका लहानशा विठ्ठलमंदिरात कीर्तन होतं. गुणाजीची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. मी रश्मीला ओढून नेलं, तोही मागे आला. बुवा कोकणातले, आवाज असा की टाळ खाली ठेवावेत आणि नुसतं ऐकावं. विषय निघाला मत्सराचा. बुवा म्हणाले, "काम, क्रोध, लोभ यांच्यात माणसाला क्षणभर तरी सुख होतं. मत्सर हा एकच विकार असा, की ज्यात पापही करायचं आणि मजाही नाही!" लोक हसले. मग बुवांनी चिपळ्या वाजवल्या आणि विचारलं, "ज्याच्या पोटात दुसऱ्याच्या चांगल्याने कधी दुखलं नाही, त्याने हात वर करा." पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. बुवा म्हणाले, "आजोबा, मी प्रसाद पाहिजे का असं नाही विचारलं!" मंडप हशाने दणाणला. मृदंगाने ठेका धरला, नामघोष सुरू झाला, आणि मी पाहते तो रश्मीच्या डोळ्यांतून धारा.

"काकी," ती माझ्या कानाशी म्हणाली, "ते माझ्याबद्दलच बोलत होते. मी पापीण आहे. रिकामं ताट पाठवलं मी."

पुरुषांच्या बाजूला गुणाजी खाली मान घालून बसला होता. त्याच्या हातातले टाळ वाजत नव्हते.

कीर्तन संपल्यावर आपल्यात सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतात. लहान-मोठा पाहत नाहीत. रश्मी नवऱ्यापुढे वाकली, आणि त्यालाही तिच्यापुढे वाकावं लागलं. तो वाकला तो पटकन उठेना. मागचा माणूस म्हणाला, "चला माउली, रांग थांबलीय."

परतताना रश्मीने सांगून टाकलं, "उद्या सकाळी मी फ्लोरीच्या पाया पडणार."

गुणाजी थबकलाच. "कशाला?"

"तिच्यावर जळले म्हणून."

"ती किरिस्ताव. पाया पडलेलं तिला काय कळणार?"

"मग हात धरीन."

"गेटवर? सगळ्यांसमोर? लोक हसतील गो. मनातल्या मनात माफी माग, देवाला पोचते."

"देवाला मी काही केलं नाही. फ्लोरीला केलंय."

मी मध्ये बोलले, "जाऊ दे की रे तिला. चांगलं काम आहे." तो पुढे चालू लागला. मला वाटलं, नवऱ्याचा मान, दुसरं काय! त्याला तेव्हा बोलता आलं असतं. लालबागपासून घोडपदेवपर्यंत आम्ही चालत आलो, रस्ताभर त्याला बोलता आलं असतं. तो बोलला नाही.

सकाळी रश्मीने तिळाचे उरलेले लाडू डब्यात भरले. रथसप्तमी होऊन गेली होती, पण गोडाला काय मुहूर्त! ती निघाली तसा गुणाजी म्हणाला, "येतो मी पण. चहा पितो तिकडे." सुट्टीच्या सकाळी कॉटन ग्रीनपर्यंत चहाला? पण रश्मीचं मन तिच्या माफीत गुंतलेलं.

फ्लोरी गेटमधून बाहेर आली. गाडी उभी होती. रश्मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दिवसपाळीच्या बायका थांबल्या.

"फ्लोरी, मी तुझ्यावर जळले. तुझं ताट रिकामं पाठवलं. मला माफ कर. हे घे, गोड बोल."

फ्लोरीने डबा घेतला नाही लगेच. तिचे डोळे लाल होते, जागरणाने की कशाने कोण जाणे. "ताट आलं तेव्हा मी रडले, बाय. मला वाटलं, आपलं संपलं." मग डबा घेतला, छातीशी धरला. "पण एक विचारू? राग नको येऊ दे. तुला पाहिजे होतं तर नाही कशाला बोललीस?"

"कशाला नाही बोलले?"

"इन-चार्जला. झेवियर सरने पहिलं तुलाच विचारलं ना! तू नाही बोललीस तेव्हा माझा नंबर लागला. पोरगी नववीत हाय, रात्री घरात बाईमाणूस पाहिजे, असं तू बोललीस म्हणे."

रश्मी हळूहळू मागे वळली. टपरीजवळ गुणाजी उभा होता, हातात चहाचा ग्लास, त्यातला घोटही घेतलेला नव्हता. दोघांत रस्त्याएवढं अंतर. तिने तिथूनच विचारलं, "अहो, मला कधी विचारलं होतं?"

एव्हाना झेवियर बाहेर आला होता. "काय झालं? काय झालं?" बायकांनी त्याला वाट दिली.

"सर," रश्मी म्हणाली, "माझं उत्तर तुम्हाला कुणी दिलं?"

"गुणाने. तुझाच निरोप आणला ना त्याने."

"तुम्ही सांगा," रश्मी गुणाजीला म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा सगळ्यांना."

गुणाजीने ग्लास टपरीवर ठेवला आणि रस्ता ओलांडून आला. आधी म्हणाला, "पोरगी लहान..." मग थांबला. मग म्हणाला, "सर, मी तिला विचारलंच नाही. घरी बोललोच नाही. ती माझा माल तपासणार, तिला गाडी येणार, मला बघवलं नसतं. मी जळलो. बायकोवर."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि दुसरीने तिला कोपर मारलं.

झेवियरने चष्मा काढून शर्टाला पुसला. "रश्मी, चुकी माझी पण हाय. तुझी मर्जी तुला विचारायला पाहिजे होती. रोज समोर दिसत होतीस. मी बोललो, निरोप देऊ. एवढी वर्षं तसंच..."

सगळ्यांचे डोळे फ्लोरीवर गेले. मनात एकच, आता ही काय करणार? फ्लोरीने डबा काखेत मारला. "मी देणार नाय हां परत," ती म्हणाली. "सांगून ठेवते. मला पण कोणी पहिल्यांदा काहीतरी दिलंय."

"मी मागत नाही," रश्मी म्हणाली. "तू सही केलीस, ते तुझं. पण सगळ्यांनी ऐका. मला ते हवं होतं. आजही हवंय. मी नाही म्हटलं नव्हतं."

एवढंच बोलून ती आत गेली आणि आपल्या टेबलाशी उभी राहिली. नवी मुलगी चादरीचं टोक धरून वाट पाहत होती.

त्या दिवसापासून झेवियरने बाईसाठी एकही निरोप पुरुषाच्या हाती दिलेला नाही. रात्रपाळीच्या बायकांना त्याने एकेकीला बोलावून पुन्हा विचारलं, आणि दोघींनी खरंच नको म्हटलं. त्यांचा निरोप त्यांच्या सासऱ्यांनी "हो" असा पोचवला होता, सहीचा कागदही घरूनच भरून आणला होता! रश्मीने स्वतः जाऊन रात्रपाळीच्या संमतीवर सही केली, साध्या घडीवालीच्या जागेसाठी, फ्लोरीच्या हाताखाली. गुणाजीने दिवसपाळी मागून घेतली. पोरीजवळ रात्री कुणीतरी हवंच होतं, ते खोटं नव्हतं. रात्रीची भाजी आता तो करतो, खारट करतो.

रश्मीने त्याच्याशी अबोला धरला नाही. जेवायला वाढते, बोलते, हसते. पण घरातल्या कुठल्याही गोष्टीला तो "मी सांगतो त्यांना" म्हणाला, की ती म्हणते, "नको, माझं मी सांगेन." दर वेळी म्हणते. आणि दर वेळी तो खाली बघतो. इन-चार्जची दुसरी जागा काही निघालेली नाही, निघेल की नाही माहीत नाही. रश्मी फ्लोरीला उघड म्हणते, "मी अजून जळते हां तुझ्यावर." फ्लोरी म्हणते, "जळ. पण कड सरळ ठेव."

परवा गुणाजी माझ्या उंबऱ्यात येऊन बसला. चाळीच्या तोंडाशी गाडी आली होती, रश्मी नुकतीच गेली होती. म्हणाला, "काकी, मी सगळ्यांसमोर सांगितलं, पाया पडलो, माफी मागितली. तरी ती गाडीत बसली की इथे जळतं. जातच नाय. बुवांनी यावर काय सांगितलंय?" मी नाम घे म्हटलं. तो म्हणाला, "घेतो." आणि भाजी टाकायला उठला.

रश्मीसाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. तिला काय हवं ते ती आता स्वतःच्या तोंडाने मागते, देवाकडेही. पण तुम्ही उठण्याआधी एक मागणं आहे. घरी जाल, दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यात गुणाजीचं नाव घ्या. त्याच्या जळण्याला कुणी औषध देत नाही. निदान आठवण ठेवा त्याची.